सायकल जिथे हातात धरावी लागते

माझं घर पुण्यात पाषाणला आणि नोकरी पुणे विद्यापीठातल्या एका ग्रंथालयात. मधलं अंतर साडेचार किलोमीटर. सकाळी सव्वानऊला निघालं की होमी भाभा रस्त्यावरची जुनी झाडं, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं लांबलचक आवार आणि वीस-बावीस मिनिटांत विद्यापीठ चौक. तिथे मी उतरते. गणेशखिंड, पाषाण, बाणेर, औंध असे मोठे रस्ते त्या चौकात येऊन मिळतात. पलीकडच्या फाटकापर्यंतचे दीडेकशे मीटर मी सायकल हातात धरून पायी जाते. बारा वर्षं झाली, अजून उतरतेच.

सायकल का चालवावी यावर पुण्यात भरपूर लिहिलं-बोललं गेलंय. तब्येत, पेट्रोल, धूर हे सगळं खरं आहे आणि सगळ्यांना पाठही आहे. हे पटलेली माणसंसुद्धा सायकल बाहेर का काढत नाहीत, आणि शहर व विद्यापीठ यांनी मिळून काय केलं तर ती काढतील, हे मला इथे समजावून सांगायचंय. उत्तराचा मोठा भाग त्या दीडशे मीटरांत आहे.

सायकलच्या चेनला शंभरावर कड्या असतात. त्यातल्या एकीची पिन निसटली की बाकीच्या कितीही चकचकीत असल्या तरी पॅडल नुसतं गरगर फिरतं. सायकलच्या रस्त्याचंही तसंच आहे. साडेचार किलोमीटरपैकी चार चांगले म्हणून कुणी सायकल काढत नाही. घरातून निघताना माणूस मनात सगळ्यात वाईट जागाच आठवतो आणि तिच्यावरून ठरवतो. आई मुलीला सायकल न्यायला नको म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पाषाण रस्त्याची सावली नसते, चौकातली बस असते.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात सायकलींचं काम पाहणारे रॉजर गेलर यांनी २००६ च्या सुमारास आपल्या शहरातल्या लोकांची ढोबळमानाने चार गटांत विभागणी केली. रस्ता कसाही असो, सायकल चालवणारच असे शंभरात जेमतेम एक. थोडीफार सोय असली तर बिनधास्त चालवणारे सात. काही झालं तरी चालवणार नाहीत असे तेहतीस. आणि उरलेले साठ टक्के ‘इच्छा आहे, पण भीती वाटते’ या गटातले. सुरुवातीला हा अनुभवावर बांधलेला अंदाज होता, नंतरच्या पाहणीतही चित्र साधारण तसंच निघालं. आकडे पोर्टलंडचे आहेत, पण गट आपल्याकडेही तेच. जर्सी-हेल्मेट घालून पहाटे सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येणारे पहिल्या गटातले. आमच्याकडे वाचायला येणारी एक पीएचडीची विद्यार्थिनी त्या साठांतली. ती मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली होती. बारावीपर्यंत रोज चार किलोमीटर जाऊन-येऊन तिने शिक्षण केलं. पुण्यात आली आणि सायकल सुटली. आता ती महिन्याच्या शिष्यवृत्तीतून रिक्षाला पैसे मोजते. तिला सायकलचं महत्त्व कुणी पटवून द्यायची काय गरज आहे?

म्हणूनच वर्षातून एकदा रविवारी सकाळी टी-शर्ट वाटून काढलेल्या रॅलीने फारसं काही बदलत नाही. त्या दिवशी रस्ता बंद असतो, पोलीस उभे असतात, म्हणून ते साठ टक्के आनंदाने येतात. सोमवारी तोच रस्ता पुन्हा पूर्वीसारखा होतो.

चौकात नेमकं काय होतं

हे जरा तपशिलात बघू, कारण सगळी भीती इथे आहे. आपण डाव्या बाजूने वाहन चालवतो, म्हणून सायकल रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला असते. समजा मला चौकातून सरळ जायचंय. माझ्या उजवीकडच्या बसला डावीकडे वळायचंय. म्हणजे मी सरळ आणि ती माझ्यावरून आडवी. शिवाय ‘फ्री लेफ्ट’ असेल तर तिला सिग्नलला थांबायचंच नसतं. ड्रायव्हर उंचावर बसलेला, पुढच्या डाव्या चाकाशी असलेली सायकल त्याला आरशात दिसेलच असं नाही. त्यात लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. पुढचा भाग आपल्याला ओलांडून गेला म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मागचा भाग कडेला येऊन भिडतो.

उजवीकडे वळायचं तर आणखी अवघड. डाव्या कडेवरून दोन-तीन रांगा ओलांडून मधोमध यायचं, तेही मागे बघत, एक हात बाहेर काढून. जमतं, पण त्यासाठी त्या एक टक्क्यातलं असावं लागतं.

यावरचे उपाय जगभर वापरून झालेले आहेत आणि फार खर्चिकही नाहीत. कोपऱ्याची गोलाई कमी केली, म्हणजे वळण जरा काटकोनी केलं, की गाड्यांना वेग कमी करूनच वळावं लागतं. सायकलींची थांबायची रेघ गाड्यांच्या चार-पाच मीटर पुढे आखली की ड्रायव्हरला सायकली समोर दिसतात. सायकलींचा सिग्नल काही सेकंद आधी हिरवा केला की गाड्या हलायच्या आत त्या चौकाच्या मध्यावर पोचतात. उजवीकडे वळण दोन टप्प्यांत करता येतं: आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे रंगवलेल्या चौकोनात थांबायचं आणि दुसऱ्या बाजूचा सिग्नल सुटला की त्या रांगेबरोबर जायचं. आणि फ्री लेफ्टच्या तोंडाशी पादचारी व सायकलींसाठी रस्ता फूटपाथच्या उंचीला आणला, तर डावीकडे वळणाऱ्याला तो उंचवटा चढताना आपोआप ब्रेक लावावा लागतो.

चौकाच्या आधी वेगाची गोष्ट येते. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते, ताशी ३० ने येणारी ८ मीटर. समोर काहीतरी आलंय हे कळून पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. त्यामुळे रस्त्यांचे सरळ दोन प्रकार करायचे. गल्लीबोळांत आणि कॉलनीच्या रस्त्यांवर गाड्यांचा वेगच ३० च्या खाली आणायचा. मग तिथे वेगळा ट्रॅक लागत नाही, सगळे मिसळून जाऊ शकतात. गणेशखिंडीसारख्या हमरस्त्यावर वेग कमी होणार नाही, तिथे सायकलला स्वतंत्र, कठड्याने वेगळी केलेली जागा हवी. पांढरी रेघ पुरत नाही. तिच्यावर पाच मिनिटांत टेम्पो उभा राहतो.

पुण्यात ट्रॅक झालेच नाहीत असं म्हणणं खोटं होईल. सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, आली तेव्हापासून कुठे ना कुठे ते बांधले जातायत. पण एकदा त्यांच्यावरून सायकल चालवून बघा. पेव्हर ब्लॉकमुळे दात वाजतात. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो, त्यामुळे दर पन्नास मीटरला ब्रेक. मध्येच विजेचा डीपी, पुढे बसथांबा, नंतर मंडपाचे बांबू. आणि गरज असते त्या चौकाच्या अलीकडे तो संपतोच. मग माणूस वैतागून खालून गाड्यांतून जातो आणि आपण म्हणतो, ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत. ट्रॅक गुळगुळीत डांबराचा किंवा काँक्रीटचा हवा, एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येईल इतका म्हणजे दोनेक मीटर रुंद हवा, आणि फाटकाशी त्याने न उतरता गाडीने त्याच्यावर चढून जायला हवं. एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी माझ्यासारखी पन्नाशीची बाई त्यावरून जाईल.

२०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून जास्त लांबीचं जाळं आखलेलं होतं. जाळं हा शब्द मला फार आवडला होता, कारण प्रश्न तोच आहे. सुटे तुकडे कितीही असले तरी ते जोडले जात नाहीत तोवर कुणाला घरापासून कामापर्यंत नेत नाहीत. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या. मला ते दिवस लख्ख आठवतात. आवारातल्या वडाखालून मुलं-मुली जोडीजोडीने जात, कित्येक जणी शाळेनंतर पहिल्यांदा सायकलवर बसल्या होत्या. दोनेक वर्षांत त्या बहुतेक दिसेनाशा झाल्या.

का, हे समजून घेण्यासारखं आहे. भाड्याची सायकल जिथे सोडाल तिथेच राहते. सकाळी सगळे एका दिशेने येतात, त्यामुळे अकरा वाजता सगळ्या सायकली वर्गांपाशी आणि फाटकावर एकही नाही. टेम्पोत भरून त्या पुन्हा फाटकावर आणायला माणूस लागतो. ब्रेकचं रबर झिजतं, चेन सैल होते, सीट चोरीला जाते. रोज हात फिरवणारं कुणी नसेल तर दहातल्या तीन सायकली बिघडलेल्या मिळतात आणि तीनदा तसं झालं की माणूस ॲप काढून टाकतो. त्यात आवाराच्या आत रमतगमत फिरायला सायकल होती, पण फाटकाबाहेर न्यायला रस्ता तसाच होता. सायकल आधी आली, रस्ता मागाहून यायचा राहिला.

विद्यापीठ इथे काय करू शकतं

पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाई. माझी आई साठच्या दशकात सहावारी नेसून, शबनम खांद्याला अडकवून सायकलने कॉलेजात शिकवायला जायची आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. १९७२ ला लूना आली, मग स्कूटर आल्या, स्कूटी आल्या. शहर पसरलं, अंतरं वाढली आणि सायकल रस्त्याच्या कडेला सरकत गेली. ती सगळी अंतरं काही आता पाच किलोमीटरच्या आत आणता येणार नाहीत. पण विद्यापीठाभोवती अजून तशी आहेत. औंध, खडकी, पाषाण, मॉडेल कॉलनी, शिवाजीनगर ही सगळी सायकलच्या टप्प्यातली ठिकाणं. शिवाय इथे येणारे बहुतेक तरुण, रोज त्याच वाटेने जाणारे, आणि आतली जागा एकाच संस्थेच्या ताब्यात. शहरात असा दुसरा घटक सापडणं कठीण.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस या छोट्या गावाची गोष्ट यासाठी ऐकण्यासारखी आहे. तिथल्या विद्यापीठाचे १९५९ ला कुलपती झालेले एमिल म्रॅक यांनी आवाराचा आराखडा करणाऱ्यांना सांगितलं की झाडांचं, सायकलवरून फिरायचं आवार डोळ्यासमोर ठेवा. नव्या विद्यार्थ्यांना सायकल घेऊन यायला सांगितलं आणि आवाराचा मधला भाग गाड्यांसाठी बंद केला. आतली सोय झाली. बाहेरची गावाने केली, आणि तीही लोकांनी मागितली म्हणून. फ्रँक आणि ईव्ह चाइल्ड हे दाम्पत्य काही काळ नेदरलँड्समध्ये राहून परतलं होतं. तिथे पाहिलेले सायकलमार्ग आपल्या गावात का नकोत, म्हणून त्यांनी इतरांना जोडून घेत पाठपुरावा सुरू केला. १९६६ ची नगरपरिषदेची निवडणूक याच मुद्द्यावर गाजली, सायकलमार्गांच्या बाजूचे उमेदवार निवडून आले आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या सायकल-पट्ट्या तिथे आखल्या गेल्या. तास सुटला की हजारो सायकली एकाच वेळी रस्त्यावर येऊन एकमेकींवर आदळत, म्हणून आवारात सायकलींसाठी छोटी वाहतूक-बेटं केली. विद्यार्थ्यांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. डेव्हिस सपाट आणि लहान आहे, पुणे तसं नाही, हे मान्य. पण आत विद्यापीठ आणि बाहेर नगरपरिषद अशा दोघांनी एकाच वेळी हात लावला म्हणून ते झालं, हा भाग कुठल्याही गावाला लागू पडतो. नंतरच्या काळात दूरच्या नोकऱ्यांचे लोक तिथे राहायला आले, लक्षही जरा उडालं, तेव्हा तिथेही सायकली घटल्या. एकदा केलं आणि संपलं, असं हे काम नसतं.

आणखी जवळची ओळख हवी असेल तर औंधकडून विद्यापीठाकडे येताना लागणाऱ्या चौकाची पाटी वाचा: ब्रेमेन चौक. जर्मनीतल्या ब्रेमेनशी पुण्याचं जुनं मैत्र आहे, त्यावरून हे नाव. त्या शहरात होणाऱ्या दर चार फेऱ्यांपैकी साधारण एक सायकलवरून होते. तिथल्या नॉयश्टाट भागात, एका उच्चशिक्षण संस्थेच्या भोवताली, अख्खी वस्ती सायकल-क्षेत्र म्हणून जाहीर केलेली आहे. जर्मनीतलं ते तशा प्रकारचं पहिलं. म्हणजे काय, तर त्या गल्ल्यांत सायकलला पहिला मान, दोघं शेजारी-शेजारी बोलत जाऊ शकतात, आणि मोटारीला ३० च्या वर वेग नाही. मोटारींवर बंदी नाही, फक्त त्यांनी सायकलच्या चालीने जायचं. खडकीच्या बाजूच्या किंवा मॉडेल कॉलनीतल्या गल्ल्यांत असं करायला नवीन रस्ता बांधावा लागणार नाही.

आता पार्किंग. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. तरीही इमारतीच्या दाराशी, झाडाच्या सावलीत कोण उभं असतं? मागे एका संस्थेत मी कामासाठी गेले होते. पोर्चच्या कडेला सायकल लावली तर वॉचमनने ती उचलून मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवायला लावली. त्याचा दोष नव्हता, त्याला तसं सांगितलं होतं. परत आले तेव्हा मागच्या चाकातली हवा गेलेली होती. ती सायकल ढकलत मी पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत गेले. त्याने ट्यूब काढून पाण्याच्या घमेल्यात फिरवली, बुडबुडे आले तिथे पेन्सिलने खूण केली, जागा खरवडून सोल्युशन लावलं, ठिगळ दाबून धरलं. वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी विचार करत होते, की माझ्या जागी पहिल्यांदाच सायकल घेऊन आलेली एखादी मुलगी असती, तर तिने दुसऱ्या दिवशी आणली असती का?

दारापाशी, छपराखाली, उजेडात, आणि सायकलची फ्रेम बांधता येईल असे लोखंडी स्टँड. नुसतं चाक अडकवायच्या स्टँडला कुलूप लावलं तर चाक राहतं आणि सायकल जाते. जवळ पायपंप आणि पाने बांधून ठेवलेली एक चौकट. एवढं तर विद्यापीठाला कुणाचीही परवानगी न घेता करता येतं. आणि मोटारीचं पार्किंग फुकट, प्रशस्त आणि दाराशी ठेवायचं, मग सायकल वापरा म्हणून पोस्टर लावायचं, याला अर्थ नाही. जे सोपं कराल ते लोक करतील.

वेळही महत्त्वाची. माणसाची रोजची सवय एरवी हलत नाही, पण घर, गाव, नोकरी बदलली की ती काही आठवडे मोकळी असते. जून-जुलैत नव्या मुला-मुलींची अख्खी तुकडी अशा अवस्थेत विद्यापीठात येते. पहिल्या महिन्यात ती रिक्षा, बस की मित्राची मोटारसायकल यापैकी जे धरतील तेच दोन-तीन वर्षं चालतं. वसतिगृहांच्या मागे दरवर्षी किती सायकली सोडून दिलेल्या असतात! चेन गंजलेली, स्पोकमधून गवत वर आलेलं. त्या मे महिन्यात दुरुस्त करून जूनमध्ये वर्षभराच्या अनामत रकमेवर देता येतील. त्यासोबत तासाभराचा सराव, चौक कसा ओलांडायचा याचा, प्रत्यक्ष चौकात नेऊन.

लोक वाढले की धोका वाढेल का, असं बरेच जण विचारतात. पीटर जेकबसन या अभ्यासकाने २००३ मध्ये अनेक शहरांच्या आणि देशांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, सुमारे एक तृतीयांशाने वाढतात. म्हणजे एकेकाचा धोका तितकाच कमी होतो. रोज सायकली दिसायला लागल्या की ड्रायव्हरची नजर त्यांना शोधायला शिकते. धुराबद्दलही विचारतात. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी गणित मांडलं होतं, त्यात दिल्लीइतक्या खराब हवेतही आठवड्याला पाचेक तासांपर्यंत सायकल चालवण्याचा फायदा तोट्याहून जास्त निघाला. घामाचं म्हणाल तर ताशी बारा-तेराच्या वेगाने जा, आणि सॅक पाठीला न लावता कॅरिअरला बांधा. पाठ मोकळी राहिली की निम्मा प्रश्न सुटतो.

एका गोष्टीने मात्र मला खरंच वाईट वाटतं. सायकलींना प्रोत्साहन म्हटलं की आपण नव्याने येणाऱ्यांचाच विचार करतो. २०११ च्या जनगणनेत कामावर कसं जाता हे विचारलं गेलं, तेव्हा देशात शेतीबाहेर काम करणाऱ्या शंभरातले साधारण तेरा जण सायकलने जात होते. आमच्या आवारातही आहेत. पहाटे साडेपाचला मेसचा आचारी येतो, सातला माळीमामा, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक त्याच वेळी घरी निघतो. सायकलला दिवा नाही, मडगार्डवरचा रिफ्लेक्टर कधीचाच तुटलेला. यांनी सायकल हौसेने निवडलेली नाही, पण ते रोज चालवतात, आणि कुठे खड्डा आहे, कुठे दिवा बंद आहे, कुठला ड्रायव्हर थांबतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. समितीच्या बैठकीत त्यांना कधी बोलावलेलं मी पाहिलेलं नाही.

आराखडा करणाऱ्यांनी मोठी पाहणी करायच्या आधी एक सकाळ फाटकाशी उभं राहावं, साडेआठ ते दहा. किती सायकली गेल्या हे मोजावं, त्यात बायका किती हे वेगळं मोजावं. नेदरलँड्समध्ये बायका पुरुषांइतक्याच, किंबहुना थोड्या जास्तच सायकल वापरतात. ज्या रस्त्यावर बायका दिसत नाहीत तो रस्ता सुरक्षित नाही, एवढं त्या आकड्यावरून कळतं. आणि एका नकाशावर लाल पेनने खुणा कराव्यात, की कोण कुठे सायकलवरून खाली उतरतं. माळीमामा खडकीच्या बाजूने येतात, ते वळणावरच्या उतरंडीपाशी उतरतात. आचारी दुभाजकाच्या फटीतून सायकल उचलून काढतो. माझी खूण चौकाच्या अलीकडे, डावीकडच्या झाडाखाली पडेल.